कामगार कायदे आणि उत्पन्नाची दरी : सीमेच्या दोन्ही बाजूंनी पाहताना

मार्कंडेयकाठ

कामगार कायदे सैल केले की कारखाने वाढतात, रोजगार वाढतो आणि गरीब-श्रीमंतांमधले अंतर आपोआप कमी होते, असे एक बाजू म्हणते. कायदे सैल केले की मालकाला मोकळे रान मिळते आणि अंतर वाढते, असे दुसरी बाजू म्हणते. जुने केंद्रीय कामगार कायदे एकत्र करणाऱ्या चार नव्या श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्यावर बेळगावात, निपाणीत, खानापुरात हीच चर्चा नव्याने कानावर येते आहे. दोन्ही बाजूंचे एक गृहीत मला पटत नाही. दोघेही कायद्याची पारख त्याच्या कडकपणावरून करतात. तो कायदा राबणाऱ्या किती हातांपर्यंत पोहोचतो, हा प्रश्न मागे पडतो. वेगवेगळ्या देशांचा अनुभव पाहिला, तर उत्पन्नातील विषमता ठरवण्यात कडकपणापेक्षा ही पोच अधिक निर्णायक ठरते, असे माझे मत आहे.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातील माणसे या प्रश्नाकडे पाहायला मोक्याच्या जागी आहेत. किमान वेतन प्रामुख्याने राज्य सरकार ठरवते. त्यामुळे कोगनोळीचा नाका ओलांडून कागलच्या औद्योगिक वसाहतीत जाणाऱ्या निपाणीच्या मुलाला एक दर लागू होतो आणि निपाणीतच थांबलेल्या त्याच्या भावाला दुसरा. बेळगावहून शिनोळीला कामाला जाणाऱ्यांचेही तेच. भाषा, नातीगोती, बाजारहाट एकच. कायद्याची अंमलबजावणी करणारे सरकार तेवढे वेगळे.

अर्थशास्त्रात या विषयावरचा सर्वांत गाजलेला अभ्यास अशाच एका सीमेवर झाला आहे. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याने १ एप्रिल १९९२ रोजी किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केले. शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने ते बदलले नाही. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी सीमेच्या दोन्ही बाजूंची चारशेहून अधिक फास्टफूड दुकाने आधी आणि नंतर तपासली. न्यू जर्सीत नोकऱ्या घटतील हा पाठ्यपुस्तकातला अंदाज खरा ठरला नाही. त्या निष्कर्षावर पुढे बराच वाद झाला, तरी दोन शेजारी प्रदेश घेऊन कायद्याचा परिणाम मोजण्याची पद्धत रुळली आणि २०२१ मध्ये कार्ड यांना नोबेल मिळाले. क्रूगर त्यापूर्वीच, २०१९ मध्ये, वारले होते.

भारतातही राज्याराज्यांची तुलना झाली आहे. टिमोथी बेस्ली आणि रॉबिन बर्जेस यांनी १९५८ ते १९९२ या काळात राज्यांनी औद्योगिक विवाद कायद्यात केलेल्या दुरुस्त्या तपासून काही राज्यांना कामगारधार्जिणे आणि काहींना मालकधार्जिणे ठरवले. आपल्या दृष्टीने लक्षणीय म्हणजे महाराष्ट्र पहिल्या यादीत होता आणि कर्नाटक दुसऱ्या. कामगारधार्जिण्या राज्यांत नोंदणीकृत कारखानदारीची वाढ मंदावली आणि शहरी दारिद्र्य वाढले, असा त्यांचा निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि कायदे शिथिल करण्याच्या बाजूने तो सतत पुढे केला गेला. आदित्य भट्टाचार्जी यांनी त्या वर्गीकरणाचीच चिरफाड केली. गुजरातला कामगारधार्जिणे ठरवण्यास एकच दुरुस्ती कारणीभूत झाली होती. संयुक्त व्यवस्थापन परिषदेवर प्रतिनिधी न नेमणाऱ्या मालकास दिवसाला पन्नास रुपये दंड, एवढाच तिचा आशय होता. एवढ्याशा आधारावर एखाद्या राज्याच्या औद्योगिक भवितव्याचा निवाडा करता येत नाही, हा आक्षेप मला बिनतोड वाटतो.

आता देशांकडे वळतो. स्वीडनमध्ये किमान वेतनाचा कायदाच नाही, तरीही तेथे उत्पन्नाचा गिनी निर्देशांक (शून्य म्हणजे पूर्ण समानता, एक म्हणजे टोकाची विषमता) ०.३० च्या आसपास किंवा खाली राहतो, कारण सुमारे नव्वद टक्के नोकरदारांना कामगार संघटनांनी केलेले वेतन करार लागू असतात. याउलट दक्षिण आफ्रिकेत भक्कम कामगार कायदे आहेत, मोठ्या उद्योगांत सामूहिक वाटाघाटींची व्यवस्था आहे, २०१९ पासून राष्ट्रीय किमान वेतनही आहे. पण गिनी ०.६३ च्या घरात आणि बेरोजगारी तीस टक्क्यांच्या वर आहे. वर्णभेदाच्या राजवटीने जमीन, शिक्षण आणि वस्ती यांत केलेली फाळणी हे त्याचे मूळ कारण आहेच. परंतु ज्याला कामच नाही, त्याच्यापर्यंत कामाच्या ठिकाणचा कायदा पोहोचणार कसा? छत मजबूत असून भागत नाही, ते सगळ्यांच्या डोक्यावर यावे लागते.

सभासदांनी आपापल्या क्षेत्रातील अनुभव लिहावा, ही विनंती.

निपाणीकर

मार्कंडेयकाठ सर, पोच महत्त्वाची हे मान्य. पण कागदावरची पोच आणि हातात पडणारी मजुरी यांतले अंतर विडीच्या धंद्यात फार मोठे आहे, म्हणून लिहिते.

विडी कामगारांसाठी १९६६ पासून स्वतंत्र कायदा होता; नव्या संहिता लागू झाल्यावर तो त्यांत विलीन झाला. घरी बसून वळणारी बाईसुद्धा त्यात येत असे. म्हणजे तुमच्या निकषावर हा कायदा चांगलाच दूरवर पोहोचलेला. माझ्या आईने उभा जन्म विड्या वळल्या. पाने ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, मऊ झाली की पत्र्याच्या मापाने कापायची, मांडीवर सूप घेऊन तंबाखू भरत वळायच्या आणि पंचवीसची एकेक जुडी बांधायची. मजुरी हजारामागे ठरलेली. पण ठेकेदाराने दिलेल्या पानांत हजार विड्या बसतच नाहीत. पाने फाटकी निघतात, डागाळलेली निघतात. तूट भरून काढायला बाईने पदरचे पैसे घालून पाने आणायची. माल द्यायला गेले की छाट काढतात, म्हणजे काही विड्या नापास ठरवतात, त्या विड्यांची मजुरी नाही आणि त्या विड्या परतही मिळत नाहीत. सरकारने दर वाढवला की पाने थोडी कमी येऊ लागतात आणि छाट थोडी वाढते. पान आणि छाट यांवरून होणारे तंटे कोणी सोडवायचे, याची तरतूद त्याच कायद्यात होती. पण तंटा मांडणाऱ्या बाईला पुढच्या आठवड्यात पान मिळाले नाही, तर ती काय करणार?

दुसरी गोष्ट सीमेची. विडी वळायला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, त्यामुळे हे काम टोपलीत घालून दुसऱ्या राज्यात नेता येते. केरळने हा कायदा मनावर घेतला, तेव्हा १९६८ मध्ये मंगळूरच्या एका मोठ्या कंपनीने कण्णूरकडचे काम बंद करून ते कर्नाटकात वळवले आणि हजारो कामगार रस्त्यावर आले. त्या कामगारांनी सरकारच्या मदतीने १९६९ मध्ये केरळ दिनेश विडी ही सहकारी संस्था उभी केली, म्हणून ते तगले. सगळ्यांनाच असे जमत नाही. निपाणीचे नाव निघाले की १९८१ चे तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांचे आंदोलन सर्वांना आठवते. पण त्याच सुमारास वखारींतल्या बायकांनी बांधलेल्या संघटनेमुळे त्यांची मजुरी आणि कामाची स्थिती बदलली, हे फारसे कोणी सांगत नाही. माझ्या मते कायदा चालता ठेवायला पाठीशी संघटना लागते. ती नसेल तर पोच आहे काय आणि नाही काय, सारखेच.

मार्कंडेयकाठ

निपाणीकर ताई, तुमच्या प्रतिसादाने विषयाला योग्य वळण मिळाले. काही मुद्दे जोडतो.

काम सीमेपलीकडे पळून जाण्याचे तुम्ही सांगितलेले उदाहरण पाहता, देशभर एक तळरेषा असणे आवश्यक ठरते. २०१९ च्या वेतन संहितेत केंद्राने तळवेतन ठरवावे आणि कोणत्याही राज्याचे किमान वेतन त्याखाली असू नये, अशी तरतूद आहे. पूर्वी फक्त अनुसूचित, म्हणजे सरकारी यादीतल्या, रोजगारांना किमान वेतन लागू होते, ते आता सर्व रोजगारांना लागू झाले. या दोन्ही गोष्टी मला स्वागतार्ह वाटतात. मात्र तळरेषा किती उंचीवर आखली जाते, यावर सारे अवलंबून आहे. या संहितेपूर्वी जी राष्ट्रीय तळपातळी होती, ती २०१७ मध्ये दिवसाला १७६ रुपये होती आणि राज्यांवर बंधनकारकही नव्हती. अशा रेषेने बेळगाव आणि कोल्हापूर यांतला फरक मिटत नाही.

कायद्याबाहेर ठेवलेल्यांना आत घेतल्यावर काय घडते, याचे एक उत्तम उदाहरण अमेरिकेतच आहे. तेथील १९३८ च्या किमान वेतन कायद्याने शेतमजूर आणि घरकामगार यांना वगळले होते, आणि या कामांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण मोठे होते. १९६६ च्या दुरुस्तीने शेती, उपाहारगृहे, शुश्रूषागृहे अशी क्षेत्रे कायद्यात आणली. एलोरा डेरेनोनकोर्ट आणि क्लेअर मॉन्टिअलू यांच्या अभ्यासानुसार त्यानंतरच्या वर्षांत गोऱ्या आणि काळ्या कामगारांच्या कमाईतील अंतर जेवढे घटले, त्यातील वीस टक्क्यांहून अधिक घट या एका विस्तारामुळे झाली. कायदा आणखी माणसांपर्यंत पोहोचला, त्याचा हा परिणाम.

ब्राझीलचा अनुभव त्याहून आपल्या जवळचा आहे, कारण तेथेही असंघटित कामगार मोठ्या संख्येने आहेत. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तेथील गिनी ०.६० च्या जवळ होता; २०१५ च्या सुमारास तो ०.५२ पर्यंत उतरला. त्याला शिक्षणाचा प्रसार, बोल्सा फमिलिया ही अनुदान योजना अशी अनेक कारणे होती, पण किमान वेतन महागाईपेक्षा बऱ्याच वेगाने सातत्याने वाढवत नेणे हे त्यांतले एक प्रमुख कारण होते. निवृत्तिवेतनाची किमान रक्कमही त्याच आकड्याला बांधलेली असल्याने ज्यांना काम होत नाही अशा वृद्धांनाही वाढ मिळाली. शिवाय ज्यांना कायदा लागू नव्हता, त्यांची मजुरीदेखील त्या आकड्याकडे पाहून ठरू लागली. आपल्याकडेही रोजगार हमीचा दर वाढला की शेतमजुरीची बोलणी वर सरकतात, हे खेड्यातल्या कोणालाही ठाऊक आहे.

वडगावचा माग

मी यंत्रमागवाला आहे आणि या धाग्यावर मालकाच्या नावाने जे लिहिले जाते, त्यात माझ्यासारख्याची जागा कोठे आहे ते मला विचारायचे आहे. बेळगावच्या वडगाव, शहापूर, खासबाग या भागांत घरच्या पडवीत चार-सहा माग टाकलेले लोक आहेत. घरची माणसे राबतात, वर एखादा-दुसरा कामगार असतो. सूत व्यापारी देतो, साडीमागे मजुरी तोच ठरवतो, साडी त्यालाच द्यायची. त्या मजुरीत वीज, दुरुस्ती, कांडी भरणारीची मजुरी आणि कामगाराचा पगार बसवायचा. किमान वेतन वाढले की माझ्यावर बोजा येतो. व्यापाऱ्याच्या दरात मात्र एक पैशाचा फरक पडत नाही. कामगाराला हक्काचे मिळू नये, असे मी कधीही म्हणणार नाही, कारण माझे वडील कामगारच होते. पण कायदा साखळीतल्या सर्वांत दुबळ्या मालकाची मान धरतो आणि दर ठरवणारा व्यापारी त्याच्या नजरेआडच राहतो. यामुळे विषमता कमी होते असे मला कोणी पटवून द्यावे. कामगार आणि मी, दोघेही खालच्याच पायरीवर आहोत.

मार्कंडेयकाठ

वडगावचा माग, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला सोपे उत्तर नाही. जर्मनीने १ जानेवारी २०१५ पासून ताशी ८.५० युरो किमान वेतन लागू केले, तेव्हा पगार वाढले आणि एकूण रोजगार घटला नाही. मात्र काही कामगार लहान, कमी पगार देणाऱ्या आस्थापनांतून मोठ्या आणि अधिक उत्पादक आस्थापनांत गेले. देशाच्या हिशेबात हे चांगलेच. परंतु वडगावातला मागकामगार ज्या मोठ्या कारखान्यात जाईल, तो कारखाना जवळपास असला पाहिजे, आणि ज्याचे माग बंद पडतील त्या घराचे पुढे काय, हेही कोणीतरी पाहिले पाहिजे. जर्मनीत बेकारी भत्ता आणि प्रशिक्षणाची सोय आहे. डेन्मार्कमध्ये कामावरून काढणे तुलनेने सोपे असूनही विषमता कमी राहते, त्यालाही अशीच भक्कम व्यवस्था कारणीभूत आहे. आपल्याकडे नोकरी गेली की माणूस थेट मेहुण्याच्या नाहीतर भावाच्या दारात जातो.

व्यापाऱ्याला जबाबदार धरण्याची तुमची मागणी मला मनापासून पटते. कंत्राटी कामगाराचा पगार कंत्राटदाराने बुडवला तर मुख्य मालकाने तो द्यावा, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून आपल्याकडे मान्य आहे. सूत देणारा आणि साडी घेणारा एकच असेल, तर त्यालाही तेच तत्त्व का लागू होऊ नये?

मच्छेकर

कंत्राटी कामगारांचा विषय निघालाच आहे, तर फौंड्रीबद्दल लिहितो. बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छे येथील फौंड्रीत एकाच भट्टीसमोर दोन माणसे उभी असतात. एक कायम, दुसरा कंत्राटदाराचा. ओतकामाची धग दोघांना सारखीच लागते, फेटलिंगची (ओतीव माल घासून साफ करण्याची) धूळ दोघांच्या छातीत सारखीच जाते. कायम कामगाराला वेतन करार, बोनस, रजा, ग्रॅच्युइटी. कंत्राटी कामगाराला दिवसाचा हिशेब, आणि कंत्राटदार बदलला की नोकरीही नव्याने सुरू. मी ज्या ठिकाणी होतो, तेथे कंत्राटदार बदलताना माणसे तीच राहिली, फक्त सर्वांची नोंद नव्या तारखेने झाली.

कारखान्यांच्या वार्षिक पाहणीनुसार २००० च्या सुमारास देशातील कारखान्यांत कंत्राटी कामगारांचे प्रमाण वीस टक्क्यांच्या आसपास होते, ते आता चाळीस टक्क्यांच्या वर गेले आहे. शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला कपातीसाठी सरकारची परवानगी लागत असे, म्हणून मालकांनी कंत्राटी वाट धरली, असे सांगितले जाते. आता ती मर्यादा तीनशे झाली आहे. ज्यांना ते कारण खरे वाटत होते, त्यांनी आता शंभर ते तीनशे या टप्प्यातले कारखाने कंत्राटी माणसे कायम करतात का, ते पाहावे. मला तशी आशा नाही, कारण कंत्राटी माणूस स्वस्त पडतो हे मूळ कारण जागेवरच आहे.

मार्कंडेयकाठ

मच्छेकर, तुम्ही वर्णन केलेली दुफळी युरोपात सर्वांत ठळकपणे स्पेनमध्ये दिसली. तेथे कायम नोकरीचे संरक्षण जसेच्या तसे ठेवून १९८४ मध्ये तात्पुरत्या करारांना मोकळीक दिली गेली. परिणामी १९९० च्या दशकाच्या आरंभापर्यंत सुमारे एक तृतीयांश नोकरदार तात्पुरत्या करारांवर आले, हे प्रमाण दीर्घकाळ तसेच राहिले आणि २००८ च्या मंदीत कुऱ्हाड प्रथम त्यांच्यावरच पडली. २०२१ च्या अखेरीस झालेल्या सुधारणेने तात्पुरत्या करारांची कारणे मर्यादित केली, त्यानंतर हे प्रमाण झपाट्याने उतरले. कपातीची मर्यादा शंभरावरून तीनशेवर नेणे हा कायम कामगाराचे संरक्षण कमी करून दुफळी मिटवण्याचा मार्ग आहे. स्पेनने २०२१ मध्ये तात्पुरत्याला वर आणण्याचा मार्ग घेतला. अंतर दोन्ही मार्गांनी कमी होते, पण खालच्याला काय मिळाले, हे मी आधी पाहीन. आपल्या नव्या संहितेत तर कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी लागू होण्याची मर्यादाच वीस कामगारांवरून पन्नासवर नेली आहे. म्हणजे उद्यमबागेतल्या अनेक लहान कंत्राटदारांकडील माणसे या तरतुदींच्या कक्षेतून बाहेर पडतील, आणि हा भाग मला सर्वांत चिंताजनक वाटतो.

शिनोळीफाटा

माथाडी कायद्याचा उल्लेख अजून कोणी केला नाही, म्हणून थोडक्यात. महाराष्ट्रात १९६९ च्या कायद्याने हमालांची नोंदणी मालकाकडे न होता मंडळाकडे होते. माल कोणाचाही असो, मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही (ठरावीक वाढीव आकार) मंडळात जमा होते आणि तेथून हमालाला पगार, भविष्यनिर्वाह निधी, बोनस मिळतो. रोज मालक बदलणाऱ्या माणसालाही कायदा लागू करता येतो, हे त्याने दाखवून दिले. कोल्हापूरचे पोते आणि बेळगावचे पोते वजनाला सारखेच असते. पण बेळगावच्या हमालाला अशा मंडळाचा आधार नाही. ऊसतोडीचेही पाहा. बीडकडून येणारे कोयते (ऊसतोड करणारी जोडपी) चिकोडी, अथणीच्या फडात उतरतात. उचल महाराष्ट्रात घेतलेली, ऊस कर्नाटकातला, आणि मुकादमाशी तंटा झाला तर दाद कोणत्या सरकारकडे मागायची, हे त्या जोडप्याला कोणी सांगत नाही.

खानापूरवाट

एक शंका आहे. भारताचा गिनी २०२२-२३ साठी ०.२५५ आहे, म्हणजे आपण जगातील सर्वांत समान देशांपैकी आहोत, असे २०२५ मध्ये वृत्तपत्रांत आले होते. मग स्वीडनचे दाखले आपल्याला का द्यावेत?

मार्कंडेयकाठ

खानापूरवाट, तो आकडा खर्चाच्या पाहणीवरून काढलेला आहे आणि स्वीडनचा उत्पन्नावरून. श्रीमंत माणूस मिळकतीचा मोठा भाग खर्च न करता साठवतो, त्यामुळे खर्चातली विषमता सहसा कमी दिसते. शिवाय अतिश्रीमंत घरे अशा पाहण्यांत फारशी सापडत नाहीत. उत्पन्नाचा अंदाज करणाऱ्या वर्ल्ड इनिक्वॅलिटी लॅबच्या मांडणीनुसार त्याच २०२२-२३ मध्ये देशातील वरच्या एक टक्का लोकांकडे राष्ट्रीय उत्पन्नाचा २२.६ टक्के वाटा होता. तोही अंदाजच आहे आणि त्यावरही वाद आहेत, पण दोन देशांची तुलना करताना मोजमाप एकच असावे, एवढे तरी आपण पाळले पाहिजे.

निपाणीकर

शेवटी एक गोष्ट नोंदवते, कारण ती सीमाभागाबाहेरच्या कोणाच्या लक्षात येणार नाही. सुधारित दराचा फलक माझ्या माहितीच्या एका ठिकाणी लागला होता, पण तो कन्नडमध्ये होता. तेथे येणाऱ्या बहुतेक बायका मराठी शाळेत शिकलेल्या, किंवा शाळेतच न गेलेल्या. नवा दर काय आहे, हे त्यांना ठेकेदाराच्या तोंडून कळले, आणि त्याने सांगितलेला आकडा फलकावरच्या आकड्यापेक्षा कमी होता. माझ्या कन्नड शाळेत शिकणाऱ्या भाचीने तो वाचून दाखवला, तेव्हा हे उघड झाले.

मच्छेकर

ताई, १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यातच, कायद्याचा गोषवारा कारखान्यातील बहुसंख्य कामगारांच्या भाषेतही लावावा, असे कलम होते. घरी काम करणाऱ्या बायकांना ते लागू करवून घेणे अवघड होते हे खरे, पण नव्या वेतन संहितेच्या राज्य नियमांत दरपत्रक मराठीतही लावण्याची मागणी आपण बेळगावच्या कामगार खात्याकडे लेखी करू शकतो. मसुदा मी तयार करतो. विडी, यंत्रमाग, फौंड्री आणि बाजार समितीतील हमाल, या चारही कामांचे सध्याचे कर्नाटकातील आणि महाराष्ट्रातील दर शेजारी शेजारी मांडून जोडले, तर अर्जाला वजन येईल. कोल्हापूरकडील दर शिनोळीफाटा यांनी मिळवावेत. छाट आणि पानाच्या तुटीबद्दलचा परिच्छेद मात्र तुम्हीच लिहा.